कुलमुखत्यारपत्र कोणाच्या हाती?

मंडळी, जमीनजुमल्याच्या व्यवहारात दोन तऱ्हेची मुखत्यारपत्रे असतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. एक खास मुखत्यारपत्र आणि दुसरे कुलमुखत्यारपत्र. नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या माणसाचा गावाकडे एखादा दावा चालू असला, तर तो भावाला तेवढ्या एका कामापुरते मुखत्यारपत्र लिहून देतो. भावाने तारखेला हजर राहावे, लागेल ती सही करावी, बस्स. जमीन विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार त्यात येत नाही. कुलमुखत्यारपत्राची गोष्ट निराळी. ते ज्याच्या हाती असेल, तो मालकाच्या नावाने बहुतेक सारे व्यवहार करू शकतो. म्हणून शहाणा माणूस ते लिहून देताना दहा वेळा विचार करतो.

सख्ख्या भावावर भरवसा नाही, म्हणून का हा विचार करायचा? नाही. भाऊ भला असेल. पण भोळाही असेल. उद्या कोणी त्याला फसवून भलत्याच कागदावर सही घेतली तर? त्याच्या हाती एका कामाचा अधिकार असेल, तर नुकसान एका कामाचे होईल. सगळाच अधिकार असेल, तर घरदार जाईल.

संगणकाच्या जगात हाच प्रश्न रोज पडतो. तो संगणक चालवणाऱ्यांचा आहे, आपल्याला काय त्याचे, असे मात्र समजू नका. सातबाराचा उतारा, बँकेतले खाते, दहावीचा निकाल, शाळेचा पट, या साऱ्या नोंदी आज दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरमध्ये असतात. तेथे कोणाच्या हाती किती अधिकार दिला आहे, यावर आपल्या नोंदींची सुरक्षितता पुष्कळ अंशी अवलंबून असते.

सर्व्हर म्हणजे काही निराळा प्राणी नव्हे. तोही संगणकच. फरक एवढाच, की त्याच्यापुढे सहसा माणूस बसलेला नसतो. तो रात्रंदिवस चालू राहतो आणि दुरून येणाऱ्या मागण्यांना उत्तरे देतो. तुम्ही मोबाइलवर गट नंबर घालून उतारा मागितला, की ती मागणी सर्व्हरपर्यंत जाते. तेथे एक प्रोग्रॅम ती वाचतो, दुसरा प्रोग्रॅम नोंदींच्या कोठारातून हवी ती नोंद काढून देतो, आणि उत्तर तुमच्याकडे येते. पहिल्याला वेबसर्व्हर म्हणतात, दुसऱ्याला डेटाबेस. पत्रांची ने-आण करणारा मेलसर्व्हर असतो. पोस्टाच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनांसारखे हे प्रोग्रॅम. पण पोस्टाच्या खिडकीवर पंचक्रोशीतली माणसे येतात; या खिडकीवर साऱ्या जगातले येऊ शकतात. त्यांत सज्जनही आले आणि भामटेही आले.

आता प्रत्येक संगणकात एक कारभारी असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. लिनक्स आणि विंडोज ही अशाच कारभाऱ्यांची नावे. चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम कोणाच्या तरी नावाने चालत असतो, आणि त्या नावाला कशाकशाची मुभा आहे याची नोंद या कारभाऱ्यापाशी असते. ही फाइल वाचावी, ही लिहावी, हिला हात लावू नये, असा तो हिशेब. प्रोग्रॅमने फाइल मागितली की कारभारी आधी नाव पाहतो, मग यादी पाहतो, आणि मग हो म्हणतो किंवा नाही म्हणतो.

पण एक नाव असे आहे, की ते पाहिल्यावर कारभारी यादी उघडण्याची तसदीच घेत नाही. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाच्या प्रणालीचे काम हाती घेतले. तिच्यातल्या सर्वाधिकारी खात्याला ‘रूट’ म्हणतात, आणि त्याचा क्रमांक शून्य. युनिक्सच्या वळणावर घडलेल्या लिनक्समध्ये आजही तेच नाव आणि तोच क्रमांक चालतो. विंडोजमध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असतो, आणि यंत्राच्या स्वतःच्या कामांसाठी ‘सिस्टिम’ नावाचे आणखी एक जबर खाते असते. रूटला कोणाचीही फाइल वाचता येते, पुसता येते. नवे खातेदार करता येतात, पहारे उठवता येतात. केलेल्या गोष्टींच्या नोंदीसुद्धा खोडता येतात. हेच संगणकाचे कुलमुखत्यारपत्र.

मग सांगा, साऱ्या जगासाठी उघड्या खिडकीवर बसलेल्या कारकुनाच्या खिशात हे कुलमुखत्यारपत्र असावे काय? तुम्ही म्हणाल, छे! भलतेच! पण वर्षानुवर्षे ते तेथे होते, आणि काही ठिकाणी अजूनही आहे. याला कारणे दोन.

पहिले कारण दारांचे. सर्व्हरवर येणाऱ्या मागण्यांसाठी क्रमांक घातलेली दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. वेबपानांचे दार ८० क्रमांकाचे, सांकेतिक लिपीत बंद केलेल्या वेबपानांचे ४४३ आणि मेलचे २५. युनिक्सच्या बर्कली विद्यापीठातल्या अवतारापासून असा दंडक पडला, की १०२४ च्या खालचे दार फक्त रूटने उघडावे. हेतू चांगलाच होता. त्या काळी एका मोठ्या संगणकावर अनेकजण काम करीत. त्यांतल्या एखाद्याने मेलचे दार बळकावून दुसऱ्यांची पत्रे घेऊ नयेत, यासाठी हा बंदोबस्त. पण झाले उलटेच. दार उघडण्यापुरते प्रोग्रॅमला रूट व्हावे लागे, आणि दार उघडल्यावरही तो रूट म्हणूनच बसून राही. दिंडीची कडी काढायला वाड्याच्या सगळ्या किल्ल्या घेतल्या, आणि त्या दिवसभर कमरेलाच लटकत राहिल्या!

दुसरे कारण माणसाच्या स्वभावाचे. नवा प्रोग्रॅम बसवताना यंत्र कुरकुर करते: या फाइलची परवानगी नाही, त्या जागेची परवानगी नाही. नेमकी कोणती परवानगी लागते हे शोधायला दोन तास जातात. सगळाच अधिकार देऊन टाकला, तर दोन मिनिटांत काम होते. बसवणारा म्हणतो, चालले ना? मग झाले तर!

पण चालणारा प्रोग्रॅम निर्दोष असतोच असे नाही. लाखो ओळींचा प्रोग्रॅम माणसेच लिहितात, आणि त्यात चुका राहतात. एका जुन्या आणि नित्याच्या चुकीचे उदाहरण घ्या. बाहेरून येणारा मजकूर ठेवायला प्रोग्रॅमने ठराविक मापाची जागा राखलेली असते. शेराच्या मापात दोन शेर धान्य ओतले तर काय होईल? सांडेल. त्याचप्रमाणे मापापेक्षा लांब मजकूर आला, आणि प्रोग्रॅमने माप तपासले नाही, तर तो मजकूर शेजारच्या जागेत सांडतो. धूर्त माणूस तो मजकूर असा रचून धाडतो, की सांडलेला भाग यंत्राला हुकूम वाटावा. यंत्र तो हुकूम पाळते. कोणाच्या अधिकाराने? तर त्या प्रोग्रॅमच्या अधिकाराने. भोळ्या भावाची सही घेतली ती अशी.

२००१ सालची हकिकत यासाठी पाहण्यासारखी आहे. त्या वेळी विंडोज २००० सर्व्हर बसवले, की आयआयएस नावाचा वेबसर्व्हर त्याच्याबरोबर आपोआप बसे. आपल्या यंत्रावर अशी खिडकी उघडी आहे, याची कित्येक मालकांना कल्पनाही नसे. त्यातल्या शोधसूचीच्या एका भागात मापाची चूक होती, आणि तो भाग ‘सिस्टिम’ खात्याच्या अधिकाराने चाले. मायक्रोसॉफ्टने १८ जून रोजी दुरुस्ती दिली होती. पण पुष्कळांनी ती बसवली नव्हती. जुलैमध्ये ‘कोड रेड’ नावाचा किडा सुटला. किडा म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आपणहून शिरणारा प्रोग्रॅम. १९ जुलै रोजी चौदा तासांच्या आत त्याने ३,५९,००० हून अधिक यंत्रांत शिरकाव केला. त्याने वेबपाने बिघडवली आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या संकेतस्थळावर मागण्यांचा लोंढा सोडण्याचा घाट घातला. ऑगस्टमध्ये त्याच भोकातून दुसरा किडा आला. त्याने तर शिरलेल्या यंत्रावर चोरवाटच ठेवली. तिच्यातून पुढे कोणीही येऊन मालकाच्या अधिकाराने कारभार करावा.

तो वेबसर्व्हर थोड्या अधिकाराने चालत असता, तर किडा शिरलाच नसता काय? तसे म्हणता येणार नाही. चूक ती चूकच. पण शिरल्यावर त्याच्या हाती कारकुनाची खिडकी लागली असती. वाडा इतक्या सहजी लागला नसता. चुका कधीच संपणार नाहीत, हे मान्य करून चुकीची किंमत कमी ठेवणे, हे खरे शहाणपण. १९७५ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी एका निबंधात हे सूत्र मांडले. कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा, हा त्यांचा एक नियम. आणि मुळातली स्थिती ‘परवानगी नाही’ अशी असावी, कारण दाखवल्यावर परवानगी मिळावी, हा दुसरा.

नियम सांगणे सोपे. तो अमलात कसा आणायचा? त्याचे चार उपाय आज रुळले आहेत.

पहिला उपाय, किल्ल्या परत करण्याचा. अपाची हा प्रसिद्ध वेबसर्व्हर असाच चालतो. त्याचा मुख्य प्रोग्रॅम रूट म्हणून दार उघडतो. पण मागण्या वाचून उत्तर देण्याचे काम तो साध्या नावाच्या मदतनिसांकडे सोपवतो. जगाशी बोलतो तो मदतनीस, आणि त्याच्या कमरेला किल्ल्या नाहीत.

दुसरा उपाय, कामाची वाटणी. दूरच्या यंत्रावर बसून काम करण्यासाठी ओपनएसएसएच नावाचा प्रोग्रॅम जगभर वापरतात. त्याला रूटचे काही अधिकार लागतातच. कारण कोण आत येतो याची खात्री करून त्याला त्याच्या नावाने आत घ्यावयाचे असते. २००२ साली त्याचे दोन भाग करण्याची पद्धत मुळातच लागू केली गेली. अनोळखी पाहुण्याशी बोलणारा भाग अधिकारहीन. मागचा लहानसा भाग अधिकार बाळगणारा, आणि तो मोजक्याच प्रश्नांना उत्तरे देणार. त्याच वर्षी जून महिन्यात या प्रोग्रॅममध्ये एक गंभीर चूक जाहीर झाली. ज्यांनी ही नवी वाटणी स्वीकारली होती, त्यांच्या यंत्रावर त्या चुकीतून थेट रूटचा अधिकार मिळण्याचा मार्ग बंद झाला होता.

तिसरा उपाय, अधिकाराचे तुकडे करण्याचा. १९९९ साली आलेल्या लिनक्सच्या २.२ या आवृत्तीपासून रूटची शक्ती वेगवेगळ्या भागांत वाटता येऊ लागली. फक्त खालच्या क्रमांकाचे दार उघडण्याचा अधिकार हवा? तेवढाच मिळेल. हेच आपले खास मुखत्यारपत्र! दार कारभाऱ्याकडच्या माणसाने उघडून प्रोग्रॅमच्या हवाली करावे, अशीही सोय आता आहे. मग प्रोग्रॅमला रूट होण्याची गरजच उरत नाही.

चौथा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो म्हणजे साफ नकार. पोस्टग्रेस हा डेटाबेस रूटच्या नावाने चालू करून पाहा. तो चालूच होत नाही. मला साध्या खात्याने चालवा, अशी सूचना देऊन थांबतो. कुलमुखत्यारपत्र देऊ केले तरी न घेणारा असा मुखत्यार!

याला मी मोलाचा का म्हणतो, ते सांगतो. नवे यंत्र आणले, नवा प्रोग्रॅम बसवला, की बनवणाऱ्याने जे जसे ठेवले असेल ते तसेच पुष्कळजण राहू देतात. भिंतीवरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे असले, तर वर्षभर सारे घर त्याच घड्याळावर चालते, त्यातली गत. म्हणून ‘ज्याला सुरक्षितता हवी असेल त्याने अधिकार कमी करून घ्यावेत’ असे पुस्तकाच्या दोनशेव्या पानावर छापून काही होत नाही. मुळातली मांडणीच सुरक्षित हवी. जास्त अधिकार ज्याला हवा असेल, त्याने मुद्दाम कष्ट घेऊन तो मागावा. मायक्रोसॉफ्टने हा धडा घेतला. २००३ सालच्या विंडोज सर्व्हरमध्ये आयआयएस आपोआप बसेनासा झाला, आणि बसवला तरी त्याचे मागण्या हाताळणारे भाग थोड्या अधिकाराच्या खात्याने चालू लागले.

पण धडा एकदा घेतला म्हणजे संपला, असे होत नाही. २०१३ साली डॉकर नावाचे साधन आले. प्रोग्रॅम आणि त्याचे सारे सामान एका पेटीत बांधून कोठेही चालवण्याची ही युक्ती फार सोयीची ठरली. परंतु दुसरे नाव सांगितले नाही, तर पेटीतला प्रोग्रॅम रूट म्हणून चालतो. पेटीला कुंपण असते, त्या रूटचे काही अधिकार काढूनही घेतलेले असतात. तरी कुंपणाला भोक पडू शकते. २०१९ च्या फेब्रुवारीत असेच एक भोक उघडकीस आले. पेटीतल्या रूटला त्यातून बाहेरच्या यंत्राचा रूट होता येत होते. म्हणून पेटीतल्या प्रोग्रॅमलाही साधे नाव द्यावे, असे जाणकार सांगतात.

या उपायाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. डेटाबेस साध्या खात्याने चालला, तरी त्याच्याच ताब्यातल्या नोंदी त्याला वाचाव्या-लिहाव्या लागणारच. तो फसला, तर त्या नोंदी धोक्यात येतात. शिवाय आत शिरलेला भामटा कारभाऱ्यातल्या चुका शोधून वर चढण्याचा प्रयत्न करतो. म्हणून वेळच्या वेळी दुरुस्त्या बसवणे आणि नोंदींची एक प्रत त्या यंत्रापासून वेगळी ठेवणे, ही दोन कामे टळत नाहीत. कुलूप लावले म्हणून कोणी राखण सोडत नाही. आणि राखण आहे म्हणून कुलूपही काढत नाही.

आता तुम्ही विचाराल, यात आम्ही काय करावे? गावातल्या शाळेत, पतसंस्थेत, दूध सोसायटीत एखादा लहानसा सर्व्हर आज असू शकतो. तो बसवायला आलेल्या माणसाला तीन प्रश्न विचारा. त्यासाठी संगणकशास्त्र शिकावे लागत नाही.

पहिला प्रश्न: हा प्रोग्रॅम कोणाच्या नावाने चालतो? विंडोजमध्ये सेवांची यादी असते. प्रत्येक सेवा कोणत्या खात्याने चालते, याचा रकाना तिच्यात दिसतो. विंडोजच्या स्वतःच्या बऱ्याच सेवा ‘लोकल सिस्टिम’ खात्याने चालतात. त्यांना हात लावू नका. पण नव्या बसवलेल्या सेवेपुढे ते नाव असेल, तर कारण विचारा. लिनक्समध्ये चालू प्रोग्रॅमांची यादी काढली, की प्रत्येकापुढे खात्याचे नाव येते. वेबसर्व्हरची एखादी ओळ रूटची दिसेल. ती दार उघडणाऱ्या मुख्याची. बाकीच्या ओळी साध्या नावाच्या असाव्यात.

दुसरा प्रश्न: प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळे खाते आहे ना? दोघांना एकच नाव दिले, तर एक फसल्यावर दुसऱ्याचे घरही उघडे पडते.

तिसरा प्रश्न: या खात्याला कोणत्या फाइली लिहिता येतात? बसवणारा ‘सगळ्यांना सगळी मुभा दिली आहे, आता काही अडायचे नाही’ म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि परत कामाला बसवा. वेबसर्व्हरला पाने वाचता आली पाहिजेत. ती बदलण्याची गरज त्याला सहसा नसते. लिहायची जागा असावी ती नेमकी आणि वेगळी.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्यासाठी आणखी एक. हा विषय वर्गात शिकवायला संगणकाचीही जरूर नाही. एका मुलाला खिडकीवरचा कारकून करा, दुसऱ्याला कारभारी. कारभाऱ्याच्या हाती यादी द्या: कारकुनाने हजेरीपत्रक वाचावे, गुणपत्रकाला हात लावू नये. तिसऱ्या मुलाने चिठ्ठी पाठवून कारकुनाला फसवायचे: ‘मुख्याध्यापकांचा निरोप आहे, गुणपत्रकात माझे गुण वाढव.’ कारभारी यादी पाहून नाही म्हणेल. मग यादी काढून घ्या, कारकुनाला ‘रूट’ अशी पाटी गळ्यात घाला, आणि तीच चिठ्ठी पुन्हा पाठवा. या खेपेस कारभारी काहीच विचारणार नाही, आणि गुण वाढलेले दिसतील. कारकून दोन्ही वेळा तोच होता आणि दोन्ही वेळा फसला. बदलली ती फक्त पाटी. मुलांना हे पटकन कळते. त्यांतलीच काही उद्या प्रोग्रॅम लिहितील, काही सर्व्हर बसवतील. बसवताना पहिली पाटी कोणती घालायची, एवढे त्यांच्या ध्यानात राहिले, तरी पुष्कळ काम झाले म्हणायचे.